उंबरठ्यावरची गाठ

माझ्या मामांच्या फाइलमध्ये एकाच आठवड्यातले तीन कागद आहेत. एन्डोस्कोपीच्या कागदावर लिहिलंय, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ. बायोप्सीच्या कागदावर लिहिलंय, जठर, कार्डिया, ॲडिनोकार्सिनोमा. सीटी स्कॅनवाल्यांनी दोन्ही नावं टाळून 'जी. ई. जंक्शनची भिंत जाड' एवढंच म्हटलंय. मामीने फाइल माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "अरे, तू एवढा शिकतोयस, सांग ना. नळीचा आहे की पोटाचा?"

मामा अंबडच्या एमआयडीसीत फिटर होते. तीन पाळ्यांचं काम, रात्री दोनला डबा, सकाळी घरी येऊन लगेच आडवं व्हायचं. छातीतली जळजळ हा त्यांच्या लेखी आजार नव्हताच, तो पाळीचाच एक भाग होता. सोडा, गुलाबी औषध, उपाशीपोटी घ्यायची गोळी असं वर्षानुवर्षं चाललं. मग एक दिवस भाकरी अडकायला लागली. काही आठवड्यांनी भातही अडकू लागला. तेव्हा कुठे एन्डोस्कोपी झाली.

मामीला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. तीन कागदांपैकी कोणता चुकलाय हे शोधायला बसलो आणि कळलं की कोणताच चुकलेला नाही. प्रत्येकजण आपापल्या जागेवरून बरोबर लिहीत होता. प्रश्नच असा आहे की वैद्यकाला त्याचं एक उत्तर द्यायला शतकाहून जास्त काळ लागला, आणि आजही ते उत्तर आवृत्तीगणिक बदलतं. तुमच्यापैकी जे नेट-सेट, पेटच्या तयारीत आहेत आणि पुढे कुठल्या ना कुठल्या आजाराच्या आकड्यांवर काम करणार आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट लिहितोय. आकडे मोजण्याआधी 'कशाला काय म्हणायचं' हे ठरवावं लागतं, हे मेथडॉलॉजीच्या पुस्तकात वाचून मला कधीच पटलं नव्हतं. या एका गाठीने पटवलं.

आधी जागा समजून घेऊ. अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब. ती गळ्यातून निघते, छातीतून खाली उतरते, पडद्याच्या म्हणजे डायफ्रामच्या भोकातून पोटात शिरते आणि थोडंसं अंतर जाऊन जठराला मिळते. नळीच्या आतलं अस्तर आपल्या कातडीच्या जातीचं असतं, स्क्वॅमस पेशींचं, फिकट आणि मोतिया. जठराचं अस्तर ग्रंथींचं, लालसर. दोन्ही जिथे भेटतात तिथे नागमोडी रेघ दिसते, तिला झेड-लाइन म्हणतात. इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. पण ही रेघ एकच नाही. अस्तर बदलतं ती एक रेघ, स्नायूंची नळी संपून पिशवी सुरू होते ती दुसरी, आणि बाहेरून पाहिलं तर पोटाचं आवरण जिथे सुरू होतं ती तिसरी. निरोगी माणसात या तिन्ही जवळजवळ असतात. ज्याला वर्षानुवर्षं आम्ल वर येतं, त्याच्यात अस्तराची रेघ वर सरकते आणि बाकीच्या जागेवर राहतात.

मग एन्डोस्कोपी करणाऱ्याने सीमा कुठे धरायची? पाश्चात्त्य डॉक्टर जठराच्या घड्या वर जिथे संपतात ती जागा धरतात. जपानी डॉक्टर अन्ननलिकेच्या तळाशी समांतर दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचं खालचं टोक धरतात. दोन्ही खुणा चांगल्या आहेत. पण गाठ मोठी झाली की ती नेमक्या याच खुणा गिळते, म्हणजे सीमा ठरवायची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ती दिसत नाही.

नावाचीही गंमत आहे. 'कार्डिया' हा ग्रीक शब्द, अर्थ हृदय. जठराचं वरचं तोंड हृदयाजवळ, म्हणून हे नाव. इंग्रजीत जळजळीच्या नावातही हृदय येतं ते याच शेजारामुळे. आपल्याकडे माधवनिदानात आणि काश्यपसंहितेत अम्लपित्ताचं स्वतंत्र वर्णन आहे. त्यात वर येणारं आणि खाली जाणारं असे भेदही केलेत. त्याचा कर्करोगाशी संबंध जोडायचा मोह मी मुद्दाम टाळतोय, कारण त्या ग्रंथांनी तो जोडलेला नाही. पण आंबट पाणी वर येतं हे आपल्या लोकांनी फार पूर्वी नोंदवून ठेवलं होतं, एवढं खरं.

आता या गोष्टीतलं माझं आवडतं पात्र. नॉर्मन बॅरेट, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातला सर्जन. १९५० साली त्याने एक निबंध लिहिला. काही रुग्णांत छातीतल्या नळीच्या खालच्या भागाला जठरासारखं लालसर अस्तर दिसतं, त्यात व्रणही होतात. हे काय आहे? बॅरेटने आधी व्याख्या केली: जिला स्क्वॅमस अस्तर आहे तीच अन्ननलिका. मग त्या व्याख्येतून निष्कर्ष काढला की लालसर अस्तराचा भाग अन्ननलिका असूच शकत नाही. ते जठरच आहे, अन्ननलिका जन्मतः आखूड असल्यामुळे छातीत ओढलं गेलेलं. तर्क निर्दोष आहे, निष्कर्ष चुकीचा.

१९५३ साली लीड्सच्या ॲलिसन आणि जॉन्स्टन यांनी तोच भाग बाहेरून तपासला. त्याच्यावर पोटाचं आवरण नव्हतं. स्नायू अन्ननलिकेचे होते. अन्ननलिकेच्या ग्रंथीही सापडल्या. म्हणजे नळी अन्ननलिकेचीच होती, फक्त तिचं अस्तर जठरासारखं होतं. बॅरेटने १९५७ साली हे मान्य केलं. तोवर त्याचं नाव त्या अस्तराला चिकटलं होतं, ते आजतागायत आहे. ज्याने ती अन्ननलिका नाही असं ठामपणे लिहिलं, त्याच्याच नावाने ती 'बॅरेट्स इसोफेगस' म्हणून ओळखली जाते. माझ्या गाइडना ही गोष्ट सांगितली तर ते एवढंच म्हणाले, "तुझ्या सिनॉप्सिसचं दुसरं पान परत वाच." वाचलं. मीही तेच करून ठेवलं होतं: व्याख्येतच उत्तर लपवलं होतं.

१९५२ साली मॉर्सन आणि बेल्चर या दोघांनी अशा अस्तरातून उठलेल्या ॲडिनोकार्सिनोमाचं वर्णन केलं. त्या काळी हे विरळा मानलं जाई. अन्ननलिकेचा कर्करोग म्हणजे स्क्वॅमस, जठराचा म्हणजे ग्रंथींचा, अशी सरळ वाटणी होती. सीमेवर ग्रंथींचा कर्करोग दिसला की पॅथॉलॉजिस्ट बिनदिक्कत 'जठर' लिहायचा. मामांच्या बायोप्सीच्या कागदावर 'जठर' का आलं, त्याचं मूळ या जुन्या सवयीत असावं असा माझा अंदाज आहे.

सर्जनांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांना नावाशी कर्तव्य नव्हतं, कुठून आत शिरायचं हे ठरवायचं होतं. पोटातून शिरणं आधी जमलं. बिलरोथने १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्नात जठराचा खालचा भाग कापून रुग्ण वाचवला. झुरिचच्या श्लाटरने १८९७ मध्ये अख्खं जठर काढलं. छाती मात्र बंद दरवाजा होता. छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरून फुप्फुस मिटतं. श्वासनलिकेत नळी घालून दाबाने श्वास देण्याचं तंत्र रुळेपर्यंत तिथे हात घालणं म्हणजे जुगारच. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेकने एका बाईची छातीतली अन्ननलिका काढली. वरचं टोक आणि जठर जोडायची हिंमत केली नाही. दोन्ही टोकं त्वचेवर आणली आणि मध्ये शरीराबाहेरून रबरी नळी लावली. ती बाई त्या नळीवर पुढे दशकाहून जास्त जगली. या प्रसंगाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

सीमेवरच्या गाठीचं स्वतःचं म्हणता येईल असं ऑपरेशन जपानमध्ये झालं. क्योतोच्या ओसावाने १९३३ साली कार्डियाच्या कर्करोगात छातीतच अन्ननलिका आणि जठर जोडल्याचा अहवाल दिला. १९३८ मध्ये शिकागोच्या ॲडम्स आणि फेमिस्टर यांनी तेच साधलं. १९४६ मध्ये आयव्हर लुईसने पोट आणि उजवी छाती अशा दोन वाटांनी करायची पद्धत मांडली. आजही सर्जन 'आयव्हर लुईस करू' असं म्हणतात, मीही ते ऐकलंय. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याला दोन घराणी तयार झाली: छातीवाले आणि पोटवाले. उंबरठ्यावरची गाठ ज्याच्या दारात आधी जाईल त्याच्या पद्धतीने कापली जाई. सर्व्हायव्हलचे आकडे दोघांचे वेगळे यायचे आणि तुलना करता यायची नाही, कारण दोघांच्या यादीतले रुग्णच वेगळे.

हा गुंता सोडवायचा मोठा प्रयत्न म्युनिकच्या योएर्ग रुडिगर सिव्हर्टने केला. १९८७ साली त्याने हॉल्शरबरोबर एक साधी मोजपट्टी सुचवली. गाठीचं केंद्र कुठे आहे ते पाहा. सीमेच्या १ ते ५ सेंटिमीटर वर असेल तर प्रकार एक, १ वर ते २ खाली यांच्या दरम्यान असेल तर प्रकार दोन, २ ते ५ खाली असेल तर प्रकार तीन. बस्स. नाव कोणतंही द्या, पण केंद्र मोजा. २००० साली त्याच्या गटाने ओळीने आलेल्या १,००२ रुग्णांचे निकाल छापले आणि प्रकार बघून वाट निवडता येते हे दाखवलं. त्याआधीच, १९७३ साली, जपानच्या निशीने सीमेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटरचा पट्टा आखला होता. गाठीचं केंद्र त्या पट्ट्यात असलं की ती जंक्शनची, मग पेशी कुठल्याही जातीच्या असोत. दोन्ही मोजपट्ट्या आजही वापरात आहेत. म्हणून जपानी पेपर आणि युरोपी पेपर शेजारी ठेवून मेटा-ॲनालिसिस करणार असाल, तर आधी हा तपशील पाहा. मी न पाहता टेबल भरलं होतं, आठवडा गेला.

आता आपल्याकडे येऊ. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी बसवली. पुढे १९५२ मध्ये उभ्या राहिलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरची उभारणीही त्यांच्याच हातची. आपल्याकडच्या कर्करोगाकडे पाहताना खानोलकरांचा प्रश्न नेहमी एक असे: कोणत्या लोकांत, कोणत्या सवयीबरोबर, शरीराच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी? ठिकाणाबद्दल ते फार काटेकोर होते. गाल, जिभेचं टोक, जिभेचं मूळ हे त्यांना वेगवेगळं हवं असे, कारण तंबाखू कशी घेतली जाते त्यावर गाठ कुठे येते ते ठरतं हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

१९५५ साली एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. विषय होता तंबाखू ओढणं, चघळणं आणि घास जाण्याच्या वरच्या मार्गातले कर्करोग. डॉल आणि हिल यांचा सिगारेट आणि फुप्फुसाचा गाजलेला निबंध १९५० चा. म्हणजे पाचच वर्षांत मुंबईत आपल्या सवयींवर, विडी आणि पानतंबाखूवर, तशाच जातीचं काम झालं होतं. एपिडेमिऑलॉजीच्या वर्गात डॉल-हिल सगळ्यांना पाठ असतात. संघवींचं नाव मी पीएच.डी.ला येईपर्यंत ऐकलं नव्हतं. ते आपल्या अभ्यासक्रमात का नसावं, मला कळत नाही.

१९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीतर्फे डॉ. दाराब जस्सावाला यांनी मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ती पहिली नोंदणी. इथे रुग्ण मोजणं म्हणजे बसल्या जागी येणारे फॉर्म मोजणं नव्हे. नोंदणीचे लोक रुग्णालयं, प्रयोगशाळा आणि महापालिकेच्या मृत्यूनोंदी पालथ्या घालतात आणि एकच माणूस दोनदा मोजला जात नाही ना, हे नावं जुळवून तपासतात. १९७० साली जस्सावाला, देशपांडे आणि सहकाऱ्यांनी या आकड्यांवरून मुंबईतला पारशी समाज आणि बाकी मुंबई यांची तुलना केली. अग्नीला पवित्र मानणाऱ्या या समाजात धूम्रपान कमी, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांचे कर्करोगही कमी निघाले. स्तनाचा मात्र जास्त. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या दोन गटांतला हा फरक पाहिला की नोंदणीची ताकद कळते. १९८१ मध्ये आयसीएमआरने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम सुरू केला त्यात मुंबई होतीच. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन, दवाखान्यापर्यंत न पोचलेला माणूस शोधायचा, हे तिचं वेगळेपण.

आणि इथेच मामीचा प्रश्न परत येतो. नोंदणीच्या कर्मचाऱ्याला एकच रकाना भरायचा असतो. आंतरराष्ट्रीय सांकेतिक यादीत अन्ननलिकेचा खालचा तिसरा भाग म्हणजे सी१५.५. जठराचा कार्डिया म्हणजे सी१६.०. अन्ननलिका-जठर जंक्शनला वेगळा क्रमांक नाही. तेही सी१६.० मध्येच टाकायचं. म्हणजे नोंदणीच्या लेखी जंक्शन जठरात.

पण रोग किती पसरलाय हे ठरवायची जी टीएनएम पद्धत आहे, तिचं म्हणणं वेगळं. २०१० पासून वापरात आलेल्या सातव्या आवृत्तीत नियम आला की गाठीचं केंद्र सीमेच्या ५ सेंटिमीटरच्या आत असेल आणि ती अन्ननलिकेत शिरली असेल, तर अन्ननलिकेच्या तक्त्याने मोजा. आठव्या आवृत्तीत पट्टा अरुंद केला: केंद्र जठरात २ सेंटिमीटरपर्यंत आत असेल आणि गाठ सीमा ओलांडत असेल तर अन्ननलिका, त्याखाली असेल तर जठर. मग विचार करा. एकाच रुग्णाची गाठ २००८ मध्ये डॉक्टरांच्या मर्जीप्रमाणे कुठेही गेली असती, २०१२ मध्ये अन्ननलिकेत गेली असती आणि २०१९ मध्ये कदाचित परत जठरात. या सगळ्या काळात नोंदणीच्या रकान्यात ती सी१६.० च राहिली असती. आणि कागदावर नुसतं 'जठर' एवढंच असतं, तर सी१६.९, म्हणजे जठर, भाग अनिर्दिष्ट. या शेवटच्या रकान्याकडे तुम्ही कधी नीट पाहिलंय का? जठराच्या कर्करोगाच्या तक्त्यात तो बराच जाडजूड असतो. जंक्शनच्या किती गाठी त्यात निमूट झोपल्यात ते आकड्यांवरून कळायला मार्ग नाही.

याचा परिणाम किती मोठा होतो ते पाहा. १९९१ साली ब्लॉट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले आकडे छापले: अन्ननलिकेचा आणि कार्डियाचा ॲडिनोकार्सिनोमा वाढतोय, विशेषतः गोऱ्या पुरुषांत, दरवर्षी काही टक्क्यांनी. खळबळ उडाली. मग काहींनी विचारलं, रोग वाढतोय की एन्डोस्कोपी वाढल्यामुळे नाव बदलतंय? १९९९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नोंदणीतल्या निदानांची काळजीपूर्वक फेरतपासणी केली. कार्डियाच्या बऱ्याच खऱ्या गाठी दुसऱ्या नावाखाली होत्या आणि दुसऱ्याच काही कार्डिया म्हणून बसल्या होत्या. त्याच वर्षी लागरग्रेनचा अभ्यास आला. वारंवार जळजळ असणाऱ्यांत अन्ननलिकेच्या ॲडिनोकार्सिनोमाची शक्यता ७.७ पट, दीर्घकाळ आणि तीव्र त्रास असणाऱ्यांत ४३.५ पट. कार्डियासाठी मात्र जेमतेम दुप्पट. आज बहुतेकांचं मत असं आहे की अन्ननलिकेची वाढ खरी आहे, कार्डियाचं चित्र धूसर. धूसर का, तर त्या एका नावाखाली दोन वेगळे आजार असावेत. एक आम्लाने अस्तर बदलून वरून खाली आलेला, दुसरा जठराची जुनाट सूज आणि हेलिकोबॅक्टर यांतून खालून वर गेलेला.

(हेलिकोबॅक्टरला १९९४ मध्ये जागतिक संस्थेने कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडे तो घरोघरी आहे, तरी मुंबईत जठराचा कर्करोग त्या मानाने कमी आणि मिझोराममध्ये भरपूर. यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नको.)

चीनच्या लिनशियान भागात हीच गोष्ट उलट्या दिशेने घडली. तिथले लोक पिढ्यान्पिढ्या 'घास न उतरण्याचा आजार' एवढंच म्हणायचे. त्यात अन्ननलिकेचा स्क्वॅमस आणि कार्डियाचा ग्रंथींचा असे दोन्ही कर्करोग होते. १९८६ ते १९९१ मध्ये तिथे २९,५८४ लोकांवर जीवनसत्त्वांची चाचणी झाली आणि तिच्या निकालांत दोन्ही वेगळे मोजले गेले. पण मला त्या गावकऱ्यांचं नावही आवडतं. माणसाला जे जाणवतं तेच त्यांनी नाव म्हणून ठेवलं. मामांनीही पहिल्यांदा तेच सांगितलं होतं, भाकरी उतरत नाही.

नावावरून एवढा खल कशाला, असं वाटत असेल तर उपचारांकडे बघा. जठराचा कर्करोग म्हटला की ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमोथेरपी, ही वाट २००६ च्या मॅजिक चाचणीने रूढ केली. ती चाचणी सुरू झाली जठरासाठी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे रुग्ण तिच्यात नंतर घेतले गेले. अन्ननलिकेचा म्हटला की ऑपरेशनआधी केमो आणि रेडिएशन एकत्र, ही वाट २०१२ च्या क्रॉस चाचणीने दाखवली: ३६६ रुग्ण, नुसतं ऑपरेशन केलेल्यांचं मध्यक आयुर्मान २४ महिने, आधी केमो-रेडिएशन दिलेल्यांचं ४९.४. या चाचणीतही जंक्शनचे रुग्ण होते. २०१९ मध्ये फ्लॉट नावाच्या चार औषधांच्या केमोने मॅजिकच्या औषधांना मागे टाकलं: ७१६ रुग्ण, ३५ महिन्यांऐवजी ५०. त्यातले निम्म्याहून जास्त जंक्शनचेच. म्हणजे उंबरठ्यावरचा रुग्ण दोन्हीकडच्या पुराव्यात बसत होता, आणि दोन्ही पुरावे त्याला वेगवेगळी वाट दाखवत होते. कोणती वाट मिळेल ते पुष्कळदा फाइलवर कोणता शब्द आधी लिहिला गेला त्यावर ठरे. फ्लॉट आणि क्रॉस यांना समोरासमोर उभं करणाऱ्या इसोपेक चाचणीचे निकाल २०२४ साली जाहीर झाले. अन्ननलिका आणि जंक्शनच्या ॲडिनोकार्सिनोमाचे ४३८ रुग्ण, फ्लॉट गटात मध्यक आयुर्मान ६६ महिने, क्रॉस गटात ३७.

मामांची फाइल घेऊन आम्ही दुसरं मत घ्यायला सकाळच्या पंचवटीने मुंबईला गेलो. तुम्ही नाशिकचे असाल तर त्या गाडीत मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन बसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ता त्यांच्यापैकी निम्म्यांना पाठ असतो. सर्जनने तिन्ही कागद बाजूला ठेवले, एन्डोस्कोपीचे फोटो मागितले, सीटीची सीडी लावली आणि अंतर मोजलं. मग कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: सिव्हर्ट दोन. 'नळीचा की पोटाचा' हे त्यांनी विचारलंही नाही. उपचार फ्लॉटने झाले, चार डोस आधी, मग ऑपरेशन, मग उरलेले.

तुम्ही असल्या आकड्यांवर काम करणार असाल तर मी आता काय करतो ते सांगतो. सी१५.५, सी१६.० आणि सी१६.९ हे तिन्ही रकाने सुरुवातीलाच वेगळे काढून ठेवतो. कोणत्या वर्षापासून कोणती आवृत्ती लागू झाली ते डेटाशेजारी लिहितो. मग जंक्शन एकदा अन्ननलिकेत टाकून आणि एकदा जठरात टाकून, दोन्ही वेळा कल काढतो. निष्कर्ष दोन्हीकडे तोच राहिला तरच तो लिहितो. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा एक छान चढता आलेख दुसऱ्या वाटणीत जवळजवळ सपाट झाला. तो आता माझ्या प्रबंधात नाही. वाईट वाटलं, कारण कॉन्फरन्सला तोच दाखवायचा होता.

पेशींची जात मात्र सोडू नका. रकाना चुकला तरी स्क्वॅमस की ॲडिनोकार्सिनोमा हे बायोप्सी बहुधा बरोबर सांगते, आणि सीमेवरच्या गाठीत ठिकाणापेक्षा ते जास्त बोलतं. खानोलकर असते तर त्यांनी त्याच्याच शेजारी आणखी एक रकाना मागितला असता: तंबाखू कशी, किती वर्षं. मामा मिश्री लावायचे, विडी कधी ओढली नाही. हे त्यांच्या तिन्ही कागदांवर कुठेच नाही.

मामा आता दर दोन तासांनी थोडं थोडं खातात, रात्री उशा उंच करून झोपतात. मागच्या महिन्यात विम्याचा फॉर्म भरायचा होता. त्यात 'बाधित अवयव' असा एकच चौकोन होता, जेमतेम दोन शब्द मावतील एवढा. मामीने पेन माझ्या हातात दिलं. मी थोडा वेळ विचार केला आणि 'अन्ननलिका-जठर जंक्शन' असं बारीक अक्षरात, चौकोनाच्या बाहेर जाऊन लिहिलं. आठवड्याने फोन आला. "साहेब, सिस्टिममध्ये हा ऑप्शन नाही, दोनपैकी एक सांगा." मी विचारलं, कोणते दोन? त्यांनी वाचून दाखवले. मी म्हटलं, जठर लिहा, कोड सी१६.०.